माळरानावर शिळावर्तुळ आढळल्यास काय करावे

विदर्भातील शिळावर्तुळे ही बहुतांशी लोहयुगीन दफनस्थळे असून ती ओळखण्यासाठी आधी मोठ्या दगडांचे गोलाकार कडे आणि त्याच्या आत मुरूम-गोट्यांचा किंचित उंचवटा आहे का, हे पाहावे. नागपूरजवळच्या जुनापाणी येथे अशी सुमारे 300 वर्तुळे असून तेथील काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. तिरप्या उन्हात ते अधिक स्पष्ट दिसतात.

असे स्थळ दिसल्यास एकही दगड हलवू नये. दगड, भराव, काळी-तांबडी भांडी, लोखंडी अवजारे आणि माहूरझरीसारख्या ठिकाणी मिळालेले घोड्यांचे अवशेष यांचा अर्थ त्यांच्या परस्परसंबंधातूनच लागतो, त्यामुळे हौसेने घरी नेलेले खापर अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ मुके होते. त्याऐवजी मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपावेत, व्यास मोजावा आणि ही माहिती लेखी स्वरूपात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे पाठवावी.

केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे, तर त्यापुढील 200 मीटरमध्ये परवानगी आवश्यक असते. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांविषयीच्या 1958 च्या केंद्रीय कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नांगरट आणि मुरूम उपसा हे प्रत्यक्षातले मोठे धोके असल्याने पत्रात त्यांचा उल्लेख अवश्य करावा.