नागपूरच्या उन्हाळ्यात सिलिकॉनचा कृत्रिम कान ओतताना

शस्त्रक्रियेत किंवा अपघातात कान गमावलेल्या रुग्णासाठी प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारे) सिलिकॉन वापरावे, कारण ते घट्ट होताना फारच कमी आकसते आणि त्यातून उपपदार्थ बाहेर पडत नाहीत. हे सिलिकॉन बिघडते ते मुख्यतः दोन कारणांनी, अस्वच्छतेने आणि अवेळी लागलेल्या उष्णतेने. आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की दुसरे कारण लॅबच्या दाराशीच उभे असते.

गंधक, कथिलाची संयुगे आणि अमाइन यांचा अंश जरी लागला तरी प्लॅटिनमचे काम थांबते. म्हणून लॅटेक्सचे हातमोजे आणि गंधकयुक्त क्ले खोलीतसुद्धा ठेवू नयेत. व्हिनाइलचे हातमोजे वापरावेत. एकदा मी लॅटेक्सचे हातमोजे घालून साचा आतून पुसला होता. दुसऱ्या दिवशी उघडला तेव्हा सगळा कान छान उतरला होता, पण पाळीवर बोट ठेवताच चिकट पदर बोटाला लागला. असा चिकटपणा पुन्हा तापवूनही जात नाही; कान नव्यानेच ओतावा लागतो.

मेणाच्या नमुना-कानाभोवती डेंटल स्टोनचा (दातांच्या साच्यांसाठीच्या कठीण प्लास्टरचा) साचा घेऊन, मेण उकळत्या पाण्याने काढल्यावर तो डिटर्जंटने धुऊन पूर्ण वाळवावा, कारण उरलेल्या पाण्याची ओव्हनमध्ये वाफ होऊन पृष्ठभागावर बुडबुडे येतात. नंतर सेपरेटरचा (सिलिकॉन साच्याला चिकटू न देणाऱ्या द्रवाचा) पातळ हात द्यावा.

रंग जुळवण्यासाठी रुग्णाला उन्हातून आल्या आल्या बसवू नये. अर्धा तास सावलीत बसू द्यावे, चेहऱ्याची लाली उतरू द्यावी आणि मग खिडकीच्या उजेडात दुसऱ्या कानाशी रंग ताडून पाहावा. आपल्याकडे उन्हात दुपट्टा बांधायची सवय असल्याने कान गालापेक्षा उजळ असतो, त्यामुळे गालावरून घेतलेला रंग हमखास गडद होतो. १०:१ प्रमाणाच्या सिलिकॉनमध्ये (दहा भाग मूळ सिलिकॉन, एक भाग ते घट्ट करणारा क्रॉसलिंकर) रंग आणि फ्लॉकचे, म्हणजे बारीक रंगीत, तंतू मूळ भागातच मिसळावेत. क्रॉसलिंकर पडेपर्यंत घाई नसते.

एसीच्या खोलीत ४० ग्रॅम रंगीत सिलिकॉनमध्ये ४ ग्रॅम क्रॉसलिंकर वजन करूनच घालावा, अंदाजाने नव्हे. त्या क्षणापासून हाताळणीचा वेळ सुरू होतो, आणि खोली जितकी तापलेली, तितका तो कमी. मिश्रण व्हॅक्यूम चेंबरमध्ये हवा काढताना फुगून तीन-चार पट होते व मग एकदम खाली बसते, म्हणून भांडे चौपट मोठे घ्यावे. कानाच्या वळणांत आधी ब्रशने पातळ थर लावून मगच उरलेले ओतावे, कारण हवा तिथेच अडकते. फ्लास्क (साच्याचे भाग धरणारी पेटी) हळूहळू दाबून बंद करावा आणि क्युअरिंगचे, म्हणजे ओव्हनमध्ये घट्ट करण्याचे, तापमान व वेळ उत्पादकाने दिल्याप्रमाणेच ठेवावी.

साचा पूर्ण गार झाल्यावरच उघडावा. कडा त्वचेत मिसळायला पातळच लागते, पण पातळ कडा ओढली की फाटते. म्हणून कान जाड बाजूने सोडवत आणावा आणि जादा पापुद्रा वाकड्या कात्रीने कापावा. रंगांची वजने रुग्णाच्या कागदांत लिहून साचा जपून ठेवावा, कारण ऊन, घाम आणि चिकटद्रव्य यांमुळे वर्ष-दोन वर्षांत नवा कान ओतण्याची वेळ बहुधा येतेच.