जुन्या बुलेटचं टायमिंग: कानाने नको, बल्बने लावा

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांत वडिलोपार्जित लोखंडी इंजिनाच्या बुलेट अजूनही घरोघर दिसतात. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं, त्यात ज्या बुडाल्या त्यांच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडायची (यालाच टायमिंग म्हणतात) ते ठरवणाऱ्या डब्यात, गाळ गेला. मग किक उलटी मारणं, गाडी न ओढणं, सायलेन्सरमध्ये बार उडणं हे ओघानं आलंच. अशी गाडी गॅरेजला नेली की बहुधा एकच इलाज होतो: इंजिन चालू ठेवून पॉइंटची (ज्यांच्या उघडण्याने ठिणगी पडते त्या जोडीची) प्लेट इकडेतिकडे फिरवायची, आवाज गोड लागला की स्क्रू आवळायचे आणि ‘चालशे, काका’ म्हणून मोकळं व्हायचं. ते चालतही, पण थोडे दिवस. स्पार्क लवकर पडू लागला की आयडलिंग वाढतं आणि इंजिन खुशीत आल्यासारखं वाटतं, त्यामुळे कानाने लावलेलं टायमिंग जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा लवकरचं, म्हणजे अ‍ॅडव्हान्स होतं. घोट्यावर उलटी किक बसते ती यामुळेच.

इथे जे सांगतोय ते पॉइंट-कंडेन्सरवाल्या 350 सीसी बुलेटपुरतं. साहित्य फार लागत नाही: फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), प्लगचा पाना, स्क्रूड्रायव्हर, आणि दोन वायरी जोडलेला छोटा बल्ब. गाडी 6 व्होल्टची असेल तर बल्बही 6चाच घ्या.

टायमिंगला हात लावण्याआधी पॉइंट बघा. हा क्रम उलटा केला तर सगळी मेहनत वाया जाते, कारण गॅप बदलला की टायमिंग आपोआप बदलतं. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, कमी झाला की उशिरा. उजव्या बाजूचं डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. पॉइंटवर खड्डा आणि समोर उंचवटा दिसत असेल तर कानशीने घासत बसू नका, जोडी बदला. शक्य असेल तर कंडेन्सरही. प्लग काढून ठेवा आणि त्याची वायर बॉडीला टेकवून ठेवा, नाहीतर उघड्या भोकाजवळ ठिणगी पडेल. मग गाडी मेन स्टँडवर, चौथ्या गिअरमध्ये घेऊन मागचं चाक हाताने फिरवा. पॉइंटची टाच कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) सर्वांत उंच जागी आली की गॅप 0.35 ते 0.40 मिमी ठेवा. गेजची पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे.

पॉइंटच्या प्लेटखाली ऑटो अ‍ॅडव्हान्स असतो, दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा; वेग वाढला की तो ठिणगी आणखी लवकर पाडतो. पुरात भिजलेल्या गाड्यांमध्ये खरी गोम इथेच निघते. कॅम बोटांनी फिरवून सोडा. तो झटकन मागे यायला हवा. रेंगाळला तर वजनं गंजली आहेत किंवा स्प्रिंग मेली आहे. सगळं काढून रॉकेलने धुवा, पिनवर तेलाचा एक थेंब द्या. हे न करता लावलेलं टायमिंग आज एक असतं आणि उद्या दुसरंच.

आता मुख्य काम. या इंजिनात वजनं पूर्ण मिटलेली असताना, पिस्टन टॉपच्या (त्याच्या सगळ्यात वरच्या जागेच्या) 0.8 मिमी अलीकडे असतानाच पॉइंट उघडायला हवेत. आधी कॉम्प्रेशनचा टॉप शोधा: उजवीकडचं टॅपेटचं झाकण काढा. टॉपजवळ दोन्ही पुशरॉड बोटांनी मोकळे फिरले तर स्ट्रोक बरोबर आहे. एक जरी दाबलेला असेल तर चाक पुढे फिरवत राहा.

बरेच जण प्लगच्या भोकातून स्पोक घालून 0.8 मोजतात. चालेल, पण प्लग तिरका बसतो, त्यामुळे पिस्टन जेवढा हलतो त्यापेक्षा स्पोक जास्त सरकतो. शिवाय टॉपच्या आसपास क्रँक बराच फिरला तरी पिस्टन जेमतेम हलतो, म्हणून ‘सगळ्यात वर’ नेमकं कुठे हे स्पोकवरून कळत नाही.

त्यापेक्षा अंश मोजा. डावीकडचं प्रायमरी चेनचं झाकण एका मोठ्या नटावर निघतं. तेल सांडणार, खाली परात ठेवा. जुन्या सीडीवर अंशांचं छापील वर्तुळ चिकटवून ती क्रँकच्या नटावर चुंबकाने बसवा आणि तारेचा काटा एखाद्या स्क्रूला बांधा. जुन्या प्लगची पोर्सिलीन काढून त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवा आणि हा अडसर भोकात लावा. चाक हळूच पुढे फिरवा, पिस्टन अडेल, आकडा लिहा. मागे फिरवा, पुन्हा अडेल, तोही लिहा. दोन्हींचा मध्य म्हणजे अचूक टॉप. जोर लावू नका, बोल्ट पिस्टनच्या माथ्यावर टेकतोय. टॉप सापडला की अडसर लगेच काढून टाका. 90 मिमी स्ट्रोकवर 0.8 मिमी म्हणजे क्रँकचे साधारण साडेनऊ अंश; टॉपच्या तेवढंच अलीकडे सीडीवर खूण करा.

बल्बची एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला लावा आणि किल्ली चालू करा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहील, उघडले की पेटेल. हाताशी बल्ब नसेल तर हेडलाइटवरचा अ‍ॅमीटर बघा, पॉइंट उघडताच काटा मध्यावर येतो. पतंगाच्या कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरून हळूच ओढत राहिलात तरी कळतं, आणि उत्तरायणानंतर बडोद्यात त्या कागदाला तोटा नाही. किल्ली मात्र फार वेळ चालू ठेवू नका, कॉइल तापते.

चाक नेहमी पुढच्याच दिशेने फिरवत खुणेपाशी या. ओलांडलं तर बरंच मागे जाऊन पुन्हा या, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा निघून जातो. खुणेच्या आधी बल्ब पेटला तर टायमिंग अ‍ॅडव्हान्स आहे, नंतर पेटला तर रिटार्ड, म्हणजे उशिराचं. प्लेटचे दोन स्क्रू सैल करा. कॅमच्या फिरण्याविरुद्ध प्लेट वळवली की अ‍ॅडव्हान्स होतं, त्याच दिशेने वळवली की रिटार्ड. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे प्लेटचा एक अंश क्रँकच्या दोन अंशांइतका. केसभरच हलवा. स्क्रू आवळल्यावर परत तपासा, कारण आवळतानाच प्लेट सरकते.

बडोदा सपाट, त्यामुळे गावात चालवून नीट कळत नाही. रविवारी पावागडला माचीपर्यंत चढवून बघा. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनमधून ‘टकटक’ आली तर टायमिंग थोडं मागे घ्या. दम लागल्यासारखी चढली आणि बेंड पाइप निळा पडू लागला तर थोडं पुढे. पॉइंट नवे घातले असतील तर त्यांची टाच सुरुवातीला भराभर झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे सरकतं. पाचेकशे किलोमीटरनंतर फीलर गेज पुन्हा लावून बघा.