तीन तासांची कार्ट शर्यत : आधी पिट सांभाळा, मग वेग

पहिल्यांदा टीम घेऊन उतरणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, 'भाऊ, लॅप टाइम कसा कमी करू?' लॅप म्हणजे ट्रॅकची एक फेरी. पंधरा मिनिटांच्या शर्यतीत हा प्रश्न रास्त आहे. पण चार हौशी माणसं तीन तास आळीपाळीने एकच कार्ट (शर्यतीची छोटी, बुटकी उघडी गाडी) चालवतात तेव्हा निकाल पिटमध्ये, म्हणजे कार्ट थांबवून ड्रायव्हर बदलण्याच्या जागी लागतो. हे कळायला मला तीन शर्यती लागल्या.

टीम

चार ड्रायव्हर आणि पाचवा अजिबात न चालवणारा. पाचव्याचं काम पुढे सांगतो, पण तो नसेल तर नावच नोंदवू नका. ड्रायव्हर निवडताना सर्वात जलद लॅप पाहू नका, सलग वीस लॅपची सरासरी पाहा. एक लॅप झकास मारून पुढच्या लॅपला गिरकी घेत गवतात जाणारा मित्र कितीही लाडका असला तरी त्याला पाण्याच्या बाटल्या सांभाळायला द्या.

मोसम आणि पोट

नागपुरात हा उद्योग नोव्हेंबर ते फेब्रुवारी करावा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना हेल्मेट, बालाक्लाव्हा (हेल्मेटखालची कापडी टोपी) आणि सूट घालून चाळीस मिनिटं इंजिनाशेजारी बसणं हे शौर्य नव्हे, मूर्खपणा आहे. जानेवारीच्या सकाळी उलट त्रास. ट्रॅकवर दव असतं, टायर थंड असतात, पहिल्या दोन-तीन लॅप सांभाळून. आदल्या रात्री सावजी नको आणि सकाळी तर्री-पोहे तर नकोच. पोहे खायचे तर तर्रीशिवाय खा. नागपूरकराला हे सांगताना मलाही बरं वाटत नाही. आंबिया बहाराची संत्री मात्र डझनाने न्या.

चालवणं

भाड्याच्या कार्टला मागचा अ‍ॅक्सल एकसंध असतो, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतं आणि ब्रेक बहुधा मागच्याच चाकांना. म्हणून ब्रेक सरळ रेषेत मारून संपवा, मग वळा. दोन्ही पेडल एकदम दाबू नका. स्टिअरिंग आवळून धरू नका, वीस मिनिटांत मनगटं जातील. बरगड्यांचं संरक्षक कवच विकत घ्या, उसनं चालत नाही. निळा झेंडा दिसला की मागच्याला जाऊ द्या. बाकी सगळं चालवून चालवून येतं.

अदलाबदल

इथे आमची तीनदा माती झाली, म्हणून इथे थांबून वाचा.

बहुतेक आयोजक पिटसाठी किमान वेळ ठरवून देतात. समजा तीन मिनिटं, पिट लेनमध्ये (ट्रॅकवरून पिटमध्ये नेऊन परत आणणाऱ्या वाटेत) शिरतानाच्या रेषेपासून बाहेर पडतानाच्या रेषेपर्यंत. एक सेकंद आधी निघालात तर दंड. त्यामुळे फॉर्म्युला वनसारखी धावपळ करण्यात काहीच अर्थ नाही. लवकर आटोपलं तरी उभंच राहायचं असतं. कसब आहे ते नेमक्या सेकंदाला बाहेर पडण्यात.

पहिल्या शर्यतीत आम्ही आठ सेकंद आधी निघालो आणि दंड खाल्ला. दुसऱ्या शर्यतीत त्या भीतीने प्रत्येक वेळी वीस-वीस सेकंद जास्त थांबलो. पाच पिट, म्हणजे शंभर सेकंद. आमची लॅप पन्नास सेकंदांची, म्हणजे दोन लॅप उभ्या-उभ्या गेल्या. तीन तासांत साधारण दोनशे लॅप होतात. ते शंभर सेकंद ट्रॅकवर भरून काढायचे तर चौघांनाही प्रत्येक लॅप अर्ध्या सेकंदाने जलद मारावी लागली असती. अर्धा सेकंद म्हणजे मी आणि खरोखरचा चांगला ड्रायव्हर यांच्यातलं अंतर!

उपाय सोपा आहे, पण आधी करून ठेवावा लागतो. सरावाच्या दिवशी तुमच्या जागेपासून बाहेरच्या रेषेपर्यंत पिट लेनच्या वेगाने जायला किती सेकंद लागतात ते पाच-सहा वेळा मोजा. आमचे चौदा भरले. मग घड्याळात दोन मिनिटं सत्तेचाळीस झाले की सोडायचं, एक सेकंद हाताशी राहतो. घड्याळ पाचव्याच्या हातात आणि त्याचा दुसरा हात कार्टच्या नाकासमोर आडवा. ड्रायव्हरने फक्त तो हात पाहायचा. शेजारची टीम निघाली, कोणी 'चल ना बे' म्हणून ओरडलं, तरी हात उचलेपर्यंत पाय ब्रेकवर. मोबाइलचा टायमर वापरू नका. घामेजल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही, उन्हात आकडे दिसत नाहीत आणि ऐन वेळी कोणाचा तरी फोन येतो. सीताबर्डीच्या बाजारात खेळाच्या दुकानात पीटीच्या मास्तरांचं असतं तसलं बटणाचं स्टॉपवॉच मिळतं, ते घ्या.

दुसरी भानगड वजनांची. ड्रायव्हरचं किमान वजन ८० किलो ठरलेलं असेल तर हलक्या ड्रायव्हरला कार्टमध्ये वजनं टाकून भरपाई करावी लागते. तिसऱ्या शर्यतीत आमचा सर्वात हलका गडी उतरला, माझा मामेभाऊ बसला आणि वजनं काढायची राहिली. मामेभाऊ हेल्मेटसकट ९२ किलो. त्यात आणखी पंधरा किलो घेऊन तो चाळीस मिनिटं फिरला आणि उतरल्यावर म्हणतो, 'काहून बाप्पा, इंजिन बसलं का?' याच्या उलट झालं असतं तर थेट बाद झालो असतो.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. सर्वात जड आधी, मग त्याहून हलका, असं खाली उतरत जायचं, म्हणजे प्रत्येक पिटला वजन फक्त वाढवायचं असतं. फेरी संपून पुन्हा जड माणूस बसतो तेव्हा एकदाच सगळं काढायचं. कोणाला किती वजन हे पुठ्ठ्यावर जाड मार्करने लिहून पिटच्या भिंतीला चिकटवा. हे आकडे घरचे नकोत. हेल्मेट, बूट, सूट घालून तिथल्याच वजनकाट्यावर घ्या.

उतरताना इंजिनाच्या बाजूने उतरू नका. ते बहुतेक कार्टना उजवीकडे असतं आणि सायलेन्सर चटकन पोळतो, माझ्या पोटरीवर खूण आहे. स्टिअरिंग धरून उभं राहायचं आणि डावीकडे बाहेर. येणारा ड्रायव्हर एक लॅप आधी हात वर करून इशारा देतो, त्या क्षणी पुढचा हेल्मेट, हातमोज्यांसकट तयार उभा हवा. 'एक मिनिट, बाथरूमला जाऊन येतो' हे वाक्य आमच्या टीममध्ये बंद आहे.

हे सगळं ट्रॅकवर शिकायला पैसे लागतात, गच्चीवर लागत नाहीत. आम्ही पाय तुटलेली प्लास्टिकची खुर्ची जमिनीवर ठेवली, बाजूला वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या विटा वजनं म्हणून, उजवीकडे सायलेन्सर म्हणून पाण्याने भरलेली बादली. बादलीला धक्का लागला की चहा त्याच्याकडून. दोन रविवारांत बादली हलायची थांबली.

शेवट

शेवटचं पिट अगदी अखेरच्या मिनिटांवर ठेवू नका. पिट लेन बंद होण्याची वेळ नियमांत पाहून घ्या आणि त्याच्या बऱ्याच आधी आटोपा.

चौकड्यांचा झेंडा पडल्यावर मिठ्या नंतर मारा. मार्शल (शर्यतीवर देखरेख करणारा) वजन तपासायला थेट काट्याकडे नेतो. तोवर हेल्मेट डोक्यावर आणि वजनं जिथल्या तिथे राहू द्या. तीन तासांत घाम गाळून शरीर हलकं झालेलं असतं, म्हणून तहान लागली असेल तर काट्यावर चढण्याआधीच प्या. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो.