मिनियापोलिसच्या बर्फात गाडी कुठे लावायची

दारासमोर लावलेली गाडी कोण कशाला हलवेल, हा आपल्या गावचा हिशोब अमेरिकेतल्या मिनियापोलिसला चालत नाही. तिथे बर्फ पडल्यावर चुकीच्या बाजूला उभी असलेली गाडी नगरपालिका उचलून नेते, आणि सोडवायला कोणाची ओळख कामी येत नाही. मी यवतमाळ आगारात एसटी चालवली. रिटायर झाल्यावर एक हिवाळा पोराकडे काढला. पोरगा-सून दिवसभर कामावर, त्यामुळे गाडी आज कोणत्या बाजूला पाहिजे याचं ध्यान ठेवायचं काम माझ्याकडे आलं. दारव्हा तालुक्यातली पोरं आता तिकडे निघाली आहेत, कोणाचे आईबाप लेकीच्या बाळंतपणाला चालले आहेत, म्हणून लिहून ठेवतो.

राजेहो, आधी घराचा नंबर पाहा. रस्त्याच्या एका बाजूला सगळी सम नंबरांची घरं, दुसऱ्या बाजूला विषम. सगळा कायदा यावर चालतो.

दरवेळी बर्फ पडला म्हणून गाडी हलवायची नसते. जास्त पडला की शहर ‘स्नो इमर्जन्सी’ जाहीर करतं. घोषणा संध्याकाळी ६ च्या आत होते आणि अंमल रात्री ९ पासून. फोनवर निरोप येतो, तो आधीच सुरू करून घ्यायचा. शेजाऱ्याची गाडी पाहून आपली लावू नका, त्यालाही पत्ता नसतो.

पहिला टप्पा रात्री ९ ते सकाळी ८. ज्या मोठ्या रस्त्यांवर ‘स्नो इमर्जन्सी रूट’ अशी पाटी आहे, तिथे दोन्ही बाजूंना गाडी लावायची नाही. वस्तीतल्या साध्या गल्लीत त्या रात्री मोकळीक असते. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते रात्री ८ गल्लीची सम बाजू रिकामी ठेवायची, आणि बागा-तळ्यांच्या कडेने जाणाऱ्या, पार्कवे म्हणतात त्या रस्त्यांच्या दोन्ही बाजू. तिसऱ्या दिवशी त्याच वेळात विषम बाजू. ती बाजू कडेपर्यंत पूर्ण साफ झाली, की वेळ संपायच्या आधीही गाडी लावता येते. पण पुढच्या पात्याने बर्फ सारणारी नांगराची गाडी एकदा मधून गेली म्हणजे साफ झालं असं नाही. बर्फ पार कडेपर्यंत सारलेला दिसला पाहिजे.

लोक फसतात ते दुसऱ्या रात्री. दिवसभर गाडी विषम बाजूला बरोबर उभी असते, माणूस निवांत जेवून झोपतो, आणि सकाळी ८ नंतर तीच गाडी चुकीची ठरते. म्हणून दुसऱ्या दिवशी रात्री ८ वाजून गेले की गाडी साफ झालेल्या सम बाजूला नेऊन ठेवायची. पहाटे उणे वीस अंशांत गाडी सुरू होईल की नाही, या भरवशावर राहू नये. बॅटरी थंडीत मान टाकते, हे कोणत्याही ड्रायव्हरला विचारा.

मधेच पुन्हा जोराचा बर्फ आला, तर नवीन घोषणा होऊन सगळं पहिल्या टप्प्यापासून सुरू होऊ शकतं. आणि बर्फ साचत जाऊन गल्ल्या फारच अरुंद झाल्या, तर शहर सम बाजूचं पार्किंग १ एप्रिलपर्यंत बंद करू शकतं.

नांगरवाल्यावर रागावू नका. त्याच्या पात्याने सरकलेला बर्फ रस्त्याच्या कडेला शेताच्या धुऱ्यासारखा साचतो, आणि तुम्ही नुकताच मोकळा केलेला, घरातून गाडी काढायचा रस्ताही पुन्हा बुजतो. तो मुद्दाम करत नाही, पातंच तिरपं असतं. यावर उपाय आहे. रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. तिकडे गाड्या उजव्या हाताने चालतात, म्हणून नांगर तुमच्या डावीकडून येतो. तुम्ही काढलेला बर्फ उजवीकडे टाका, आणि डाव्या बाजूला कडेची थोडी जागा मोकळी करून ठेवा. पात्यावरचा बराचसा बर्फ तिथेच उतरतो. रस्त्यात किंवा मागच्या बोळात मात्र बर्फ लोटायचा नाही, त्याला मनाई आहे.

घरासमोरचा फूटपाथ साफ करणं घरवाल्याचं काम. साध्या घराला बर्फ थांबल्यापासून २४ तास मिळतात, अपार्टमेंट आणि दुकानांना दिवसाचे ४ तास. मीठ टाकतात, पण पारा उणे नऊ-दहाच्या खाली गेला की साधं मीठ फारसं वितळवत नाही. तेव्हा पाय घसरू नये म्हणून वाळू टाका. साठी ओलांडलेल्यांनी फावडं भरभरून उचलू नये. थंडीत अशा कामाने हृदयावर ताण येतो. आमच्याकडे हे काम पोरगाच करायचा, मी खिडकीतून सूचना द्यायचो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बर्फात दबलेली गाडी सुरू करायच्या आधी मागचा सायलेन्सरचा पाइप मोकळा करा. तो बुजलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला ना वास ना रंग. लेकरांना गरम वाटावं म्हणून आधी गाडीत बसवून, इंजिन चालू ठेवून बाहेर बर्फ काढत बसणं अजिबात करू नका. टपावरचाही बर्फ काढा, नाहीतर ब्रेक मारला की तो काचेवर येतो.

दुसऱ्या शहरात जात असाल तर हे नियम तिथे लावू नका. शिकागोत काही मोठ्या रस्त्यांवर १ डिसेंबर ते १ एप्रिल रोज पहाटे ३ ते ७ पार्किंग बंद असतं, बर्फ पडो ना पडो. मॅडिसनला १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात स्नो इमर्जन्सी जाहीर झाली, की रात्री १ ते सकाळी ७ सम-विषम चालतं, पण तिथे तारीख बघतात. सम तारखेला गाडी सम बाजूला लावायची, विषमला विषम बाजूला, आणि तारीख मध्यरात्रीनंतरची धरायची.

आणि सकाळी गाडी जागेवर दिसली नाही, तर चोरी झाली म्हणून आरडाओरड करण्याआधी नगरपालिकेच्या उचललेल्या गाड्यांच्या यादीत नंबर शोधा. सापडली तर लायसन्स आणि गाडीचे कागद घेऊन त्याच दिवशी सोडवून आणा. दंड वेगळा, ओढून नेल्याचे पैसे वेगळे, आणि उभी ठेवल्याचं भाडं दिवसागणिक चढतं.