जुन्या ड्रमचा रंग उडतोय? या चुका टाळा

जुना ड्रमसेट हाती आला की बहुतेक जण आधी पॉलिशची बाटली शोधतात. तसं करू नका. एका टॉमचं (सेटमधल्या छोट्या ड्रमचं) हेड, म्हणजे वरचा ताणलेला पडदा, उतरवा, आतल्या बाजूने स्क्रू सोडवून एक लग (ड्रमच्या बाजूला बसवलेला, हेड ताणायला लागणारा धातूचा तुकडा) काढा आणि त्याखालचा रंग नीट पाहा. साठच्या दशकातल्या निळ्या स्पार्कल (चमचमत्या) लडविगवर, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीच्या ड्रमवर, बाहेरून हिरवट झाक दिसते आणि लगखाली स्वच्छ निळा चौकोन निघतो. तिथे निळा रंग सहसा उडालेला नसतो. ड्रमवर गुंडाळलेल्या रंगीत प्लास्टिकच्या आवरणाचा, म्हणजे रॅपचा, वरचा पारदर्शक थर पिवळा पडलेला असतो आणि त्यातून निळं पाहिलं की हिरवं दिसतं. गुलाबी शॅम्पेन स्पार्कलची गोष्ट वेगळी. तिथे गुलाबी छटाच उडते, आणि ती कुठल्याही पॉलिशने परत येत नाही.

पांढऱ्या मरीन पर्लवर, म्हणजे मोत्यासारख्या चमकणाऱ्या रॅपवर, तिसरीच शक्यता असते, ती म्हणजे सिगारेटच्या धुराची. वर्षानुवर्षं क्लबमध्ये वाजलेल्या सेटवर तपकिरी थर बसतो. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाका, कापसाचा बोळा पिळून हलकेच फिरवा. बोळा तपकिरी झाला तर तो मळ आहे, निघेल. बोळा स्वच्छच राहिला तर पिवळेपणा प्लास्टिकमध्येच आहे. मग तो तसाच राहू द्यावा, असं माझं ठाम मत आहे. जुन्या पर्लचा तो सायीसारखा रंग मला नव्या पांढऱ्यापेक्षा जास्त आवडतो. शिवाय जोरात घासून वरचा थर पातळ केला की तो पुन्हा जाड होत नाही.

खिडकीजवळचा कोपरा

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. खिडकीची काच ऊन अडवते असा समज आहे, पण साधी काच अतिनील किरणांचा बराच भाग आत येऊ देते. काचेवर यूव्ही फिल्म लावली तरी काम संपत नाही, कारण दिसणाऱ्या प्रकाशानेही रंग उडतो आणि हे नुकसान साचत जातं. नाजूक रंगांच्या वस्तूंसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) इतकाच उजेड ठेवतात. घरात एवढा अंधार कोणी ठेवणार नाही, पण वाजवून झालं की सेटवर जाड सुती चादर टाकणं कोणालाही जमेल. एकच बाजू उन्हात राहिली तर बेस ड्रम अर्धा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या रंगाचा होतो, आणि ते फार वाईट दिसतं.

प्लास्टिकमध्ये गुंडाळणं

मुंबई-गोव्याकडे पावसाळ्यात हे सर्रास होतं, आणि काळजीपोटीच होतं. पण जुने पर्ल आणि स्पार्कल रॅप अनेकदा सेल्युलोज नायट्रेटचे, म्हणजे सेल्युलॉइडचे असतात. कोपरा बोटाने जरा चोळा. कापरासारखा वास आला तर तेच आहे. हे प्लास्टिक जुनं होताना आम्लधर्मी वायू सोडतं. ते बंद पिशवीत कोंडले की रॅप आणखी लवकर खराब होतो, क्रोमही गंजतं. म्हणून ड्रम हवेशीर ठेवा, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. आणि सेल्युलॉइड चटकन पेट घेतं, तेव्हा देवघरातला दिवा किंवा हीटर जवळ नको.

केसमधला जुना फोम, रबरी पाय, व्हिनाइलची कव्हरं थेट रॅपला चिकटून राहिली तर डाग पाडतात आणि ते डाग निघत नाहीत. मध्ये धुतलेलं मांजरपाट घाला. डांबर गोळ्या केसमध्ये अजिबात टाकू नका.

चुकीची बाटली

नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन सेल्युलॉइड विरघळवतं. स्टिकरचा गोंद काढायला ते वापरलं तर तिथे कायमचा खड्डा. अमोनियावालं काच साफ करायचं द्रव्यही दूर ठेवा. क्रोम पॉलिश करायचं असेल तर लग आणि हूप (हेड धरून ठेवणारं कडं) काढूनच करा, नाहीतर ते रॅपच्या कडेत शिरतं.

पिवळ्या पडलेल्या कॉम्प्युटरसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाचा उपाय सांगतात. तो ड्रमवर करू नका, कारण त्यात ड्रमला भरपूर ऊन द्यावं लागतं, जे आपल्याला टाळायचंच आहे.

रॅप आक्रसून जोडाजवळ उचलला गेला असेल तर ओढून चिकटवायला जाऊ नका, तडा जाईल. जाणकाराला दाखवा. आणि एकाच ड्रमचा रंग उतरला म्हणून त्यावर नवा रॅप चढवू नका. तो बाकीच्या ड्रमशी सहसा जुळत नाही, आणि मूळ रॅप गेला की सेटची किंमतही बरीच उतरते.