खाली न बघता टायपिंग कसं करायचं, इंग्रजी पण आणि मराठी पण

सोलापुरात नव्या पेठेत नाहीतर कोर्टाच्या आसपास कुठल्याही झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात जा आणि टाइप करणाऱ्याच्या बोटांकडं बघू नका, मानेकडं बघा. मान सारखी वर-खाली होत असेल तर समजायचं की हा माणूस आधी कागद बघतोय, मग कीबोर्ड, मग स्क्रीन, आणि मग परत कागदावर आपण कुठल्या ओळीत होतो ते शोधायलाय. बोटं कितीबी पळू देत, वेळ सगळा त्या शोधण्यात जातोय. म्हणून मी सांगणार ती गोष्ट स्पीडची नाहीच, खाली न बघण्याची आहे, स्पीड त्याच्या मागनं येतो.

आता दोन बोटांवाले लगेच म्हणणार, आमचं काय अडलंय बे, आम्ही असंच करतो आणि फास्ट करतो. खरंय, काही जण करतात. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये क्लास लावलेले आणि आपापलं शिकलेले असे दोन्ही प्रकारचे लोक कॅमेरे लावून तपासले, तर स्पीड किती बोटं वापरता यावर ठरत नाही असं निघालं. फास्ट लोकांचं काय होतं तर एक की दरवेळी एकाच बोटानं, हात फार इकडंतिकडं फिरवायचे नाहीत, आणि एक की दाबली जात असतानाच पुढच्या कीचं बोट निघालेलं. पण क्लास न लावलेल्यांचे डोळे कीबोर्डवर जास्त जात होते हेही त्यातच दिसलं. तेव्हा स्वतःच्या मनातलं लिहायचं असेल, व्हॉट्सॲपला उत्तर द्यायचं असेल, तर तुमची पद्धत तुम्हाला लखलाभ, बदलू नका. पण समोर कागद ठेवून उतरवायचं काम असेल, अर्ज, ॲफिडेव्हिट, बिलं, तर दहा बोटांशिवाय दुसरा सरळ रस्ता मला तरी दिसत नाही.

सुरुवात एफ आणि जे पासून. या दोन कीजवर बारीक उंचवटा असतो, तो बोटाला लागला पाहिजे. डाव्या हाताची चार बोटं ए, एस, डी, एफ वर, उजव्याची जे, के, एल आणि सेमिकोलनवर, दोन्ही अंगठे स्पेसबारवर. ही तुमची होम रो, कुठंबी गेलेलं बोट इथंच परत यायचं. जुन्या कीबोर्डचा उंचवटा झिजलेला असतो, तेव्हा घरातल्या टिकलीचा बारका तुकडा चिकटवा, काम होतंय. बाकी कीज सरळ बोटाच्या वर-खाली वाटलेल्या आहेत, म्हणजे डाव्या करंगळीला क्यू, ए, झेड, तिच्या शेजारच्याला डब्ल्यू, एस, एक्स, मधल्या बोटाला ई, डी, सी, आणि पहिल्या बोटाला मात्र सहा कीज: आर, एफ, व्ही, टी, जी, बी. उजवीकडं पहिल्या बोटाला वाय, एच, एन, यू, जे, एम. बी हा डाव्याचा आणि वाय उजव्याचा हे आधीच पक्कं करून टाका, या दोन कीजवरच दोन्ही हातांची मारामारी होते.

इन्स्टिट्यूटला गेलेल्यांना ते आठवत असेल, ए एस डी एफ जी एफ, सेमिकोलन एल के जे एच जे, पानंच्या पानं. कंटाळवाणं आहे पण काढू नका, फक्त आठवडाभर तेवढंच घोटत बसायची गरज नाही. दोन-तीन दिवसांत वरची ओळ घ्या, मग खालची, आणि शब्दांवर या. शब्द निवडताना एक गंमत बघा, वॉटर टॅक्स हे इंग्रजीत टाइप केलं तर अख्खं डाव्या हातानं होतंय, एक पण अक्षर उजवीकडं नाही. आणि मिल, युनियन, ओनियन हे तिन्ही नुसत्या उजव्या हाताचे. गिरण्यांचं गाव आणि कांद्याचं मार्केट, दोन्हीचा सराव उजव्या हाताला फुकट. असे एकाच हाताचे शब्द हळू जातात, बोटांना उसंतच मिळत नाही, म्हणून ते वेगळे काढून घोटायचे.

कॅपिटल अक्षराला शिफ्ट नेहमी दुसऱ्या हाताचा. डाव्या हाताचं अक्षर असेल तर उजवा शिफ्ट. निम्म्याहून जास्त लोकांना उजवा शिफ्ट कशाला असतो तेच माहीत नसतं की ओ, आणि मग डावी करंगळी शिफ्टवर दाबून त्याच हातानं ए मारायला जातात, हात सगळा वाकडा होतो आणि होम रो सुटते.

आता बॅकस्पेस. माझ्या मते सगळ्यात मोठी खोड हीच आहे. चुकलं की मागं, चुकलं की मागं, आणि बोटांना सवय लागते ती चुकून दुरुस्त करायची, बरोबर मारायची नाही. रोजच्या सरावातला एक उतारा असा ठेवा की बॅकस्पेसला हातच लावायचा नाही, चुकलं तर चुकू द्या, शेवटी प्रिंट काढा नाहीतर स्क्रीनवरच चुका मोजा आणि कुठली दोन-तीन अक्षरं सारखी चुकायलीत ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी फक्त त्या अक्षरांचे शब्द. आणि वेग एवढाच ठेवायचा की चूक जवळजवळ होणारच नाही, हे फार हळू वाटतं, चिडचिड होते, होऊ द्या. कामात मात्र बॅकस्पेस लागणारच, तेव्हा अख्खा शब्द चुकला असेल तर कंट्रोल धरून बॅकस्पेस मारा, पूर्ण शब्द एकदम जातो.

स्पीडचा हिशोब सांगतो म्हणजे उगीच दडपण नको. टायपिंगमध्ये एक शब्द म्हणजे 5 ठोके, स्पेस धरून. क्लार्क-टायपिस्टच्या जाहिरातीत मराठी 30 नाहीतर इंग्रजी 40 शब्द मिनिटाला असं असतं, म्हणजे इंग्रजीचे 200 ठोके, सेकंदाला तीनच्या जरा वर. मराठीचे 150, सेकंदाला अडीच. सलग एका ठेक्यात मारत राहिलं तर हे काही फार नाही, पण तीन ठोके फटफट मारून मग थांबून शोधत बसलात की गेलं.

आता मराठी, आणि इथं मी जरा हट्टी आहे. इंग्रजी अक्षरात लिहून मराठी करणारं टूल गप्पा मारायला बरं, पण त्यात डोळे सारखे खालच्या पर्यायांच्या चौकटीवर, बरोबर शब्द कुठला ते निवडायला, मग खाली न बघण्याचा उपयोग काय राहिला. इन्स्क्रिप्ट शिका, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला कीबोर्डचा लेआउट, कुठलं अक्षर कुठल्या कीवर ते. विंडोजमध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, तिथं भाषेत मराठी ॲड केली की कीबोर्ड येतो, नंतर विंडोजची की आणि स्पेसबार दाबून मराठी-इंग्रजी बदलत राहायचं. पैसे नाहीत, फॉन्टची भानगड नाही, सगळं युनिकोड.

इन्स्क्रिप्टची रचना सोपी आहे, स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, फक्त म, ण, न, व ही डावीकडं खाली गेलेली आहेत, आणि अनुस्वार पण डावीकडंच, एक्सवर. क आणि ख एकाच कीवर, ख ला शिफ्ट. ग-घ, त-थ, प-फ तसंच. मराठीत व्यंजनामागं मात्रा येतच असते म्हणून हात आपोआप आलटून पालटून चालतात, मागावर धोटा इकडून तिकडं जातो तसं. सोलापूर टाइप करून बघा: स उजवा, काना-मात्रा डावा, ल उजवा, काना डावा, प उजवा, दुसरा उकार डावा, र उजवा. सात ठोके, एकदाही तोच हात लागोपाठ नाही. बार्शी पण तसंच, ब, काना, र, पाय मोडायचा, श, दुसरी वेलांटी, एक उजवा एक डावा.

म्हणून सरावाला मी सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं देतो, अकराच्या अकरा. उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, बार्शी झाले की माढा, मोहोळ, सांगोला. मग अक्कलकोट, ज्यात सुरुवातीलाच शिफ्ट धरून अ आणि मग क चा पाय मोडायला डीवर बोट, जोडाक्षराची ही की डाव्या मधल्या बोटाखालीच असते आणि मराठीत ती सतत लागते. करमाळा, माळशिरस आणि मंगळवेढ्याला ळ च्या शिफ्टची सवय होते. पंढरपूर शेवटी, त्यातही माढा-मंगळवेढ्यासारखाच ढ, उजव्या करंगळीला लांब जाऊन डावा शिफ्ट धरून. उजव्या करंगळीवर इन्स्क्रिप्टनं तसा अन्यायच केलाय, च, ट, ज, ड, य सगळे तिच्याच गळ्यात, चटणी लिहायला घेतली की च आणि ट लागोपाठ करंगळीनंच. थोडे दिवस दुखल्यासारखं वाटेल.

टाइपरायटरवर शिकलेल्या काकांना मात्र एक सांगणं आहे. मशिनवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची आणि रफार नंतर, इन्स्क्रिप्टमध्ये उलट, जसं बोलतो तसं. सिद्धेश्वर लिहिताना आधी स मग वेलांटी. गर्दी लिहिताना ग, मग र, पाय मोडायचा, मग द. बोटं बिचारी जुन्या क्रमानं जातातच. गोदरेजनं 1955 ला भारतात बनवलेला पहिला टाइपरायटर काढला आणि 2009 मध्ये बनवणं बंद पण केलं, तरी त्या मशिनचा क्रम अजून लोकांच्या हातात आहे. चुका दुरुस्त करताना हेही लक्षात ठेवा की मराठीत बॅकस्पेस बहुतेक ठिकाणी नुसती मात्रा काढतो, अख्खं अक्षर नाही, म्हणजे काना चुकला तर तेवढाच बदलता येतो. परीक्षा द्यायची असेल तर कुठल्या लेआउटवर घेणार आहेत ते फी भरायच्या आधी इन्स्टिट्यूटमध्ये विचारा, एक शिकून दुसऱ्यावर बसायची वेळ नको.

इन्स्क्रिप्टचा अजून एक फायदा आपल्या गावाला जास्तच. 1991 च्या भारतीय मानकात हा लेआउट आहे आणि तो सगळ्या भारतीय लिप्यांना एकसारखा बांधलेला आहे, क ची की तेलुगूत पण तीच, कन्नडमध्ये पण तीच. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी पोरं मराठी टायपिंग शिकतात, त्यांना नुसती भाषा बदलली की तेलुगू टाइप करता येतंय, नव्यानं काही शिकायचं नाही. लग्नाच्या पत्रिका तीन भाषेत करणाऱ्या डीटीपीवाल्यांना हे सांगायला नको.

सराव रोज वीस मिनिटं, एकदम दोन तास नको. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, दुपारी बोटांना घाम येऊन कीज निसटतात, तेव्हा सकाळी बसा आणि फडक्यानं कीबोर्ड पुसून घ्या. मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून टाइप करू नका, कोपर साधारण काटकोनात, आणि कीबोर्डच्या मागचे दोन पाय मिटून ठेवा, ते उघडले की मनगट वर वाकतं. टेबल उंच असेल तर खुर्चीवर घडी केलेली चादर टाका, आपल्याकडं चादरीला काय तोटा.

दुकान चालवत असाल तर शिकायची वेळ नीट निवडा. सुरुवातीला स्पीड पडतोच, अगदी निम्म्यावर येतो, आणि जून-जुलैत दाखले, ॲडमिशनचे फॉर्म यांची लाइन लागलेली असताना गिऱ्हाईक थांबत नाही. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपल्यावर, जानेवारीच्या शेवटी सुरू केलं तर मोकळे महिने मिळतात. एकदा सुरू केलं की कामात पण तीच पद्धत ठेवा, सरावाला दहा बोटं आणि गिऱ्हाईक आलं की परत दोन, असं केलं तर दोन्हीचा गोंधळ होतो.

आकड्यांच्या वरच्या ओळीचं मी मनावर घेत नाही, तिथं बघितलं तरी चालतंय. बिलांचं काम जास्त असेल तर उजवीकडचा नंबर पॅड शिका, तिथं 5 वर उंचवटा असतो, मधलं बोट त्यावर. आणि मराठी अक्षरांचे स्टिकर कीबोर्डला चिकटवून मिळतात ते घेऊ नका, ते दिसत असले की नजर खाली जाणारच, त्यापेक्षा लेआउटचा एक कागद प्रिंट करून मॉनिटरच्या खालच्या कडेला लावा, अडलं तरी मान वरच राहते.