लेसिकचा धोका रिपोर्टवर कसा वाचायचा

लेसिकच्या जाहिरातीत दहा मिनिटांत चष्मा जातो. लेसरचं काम तेवढ्यात उरकतंही, पण धोका किती हे बऱ्याच अंशी आधीच्या तपासणीत कळलेलं असतं. त्यामुळे ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वी रिपोर्टची प्रत मागून घ्या.

तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद हव्यात. सॉफ्ट लेन्स एक ते दोन आठवडे, सेमी-सॉफ्ट किमान तीन-चार आठवडे. लेन्सच्या दाबाने कॉर्निया, म्हणजे बुबुळापुढचा पारदर्शक पडदा, तात्पुरता आकार बदलतो आणि मोजमाप फसतं. काल लेन्स घातली होती म्हटल्यावरही कुणी आजच स्कॅन उरकत असेल, तर तिथून उठा. चष्म्याचे जुने कागदही बरोबर न्या. वर्षभरात नंबर ०.५० पेक्षा जास्त हलला असेल तर थांबायचं.

आता कॉर्नियाची जाडी. साधारण ५४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ही सरासरी. लेसिकमध्ये वरचा पातळ पापुद्रा (फ्लॅप) उघडतात, तो १०० ते १२० मायक्रॉनचा. खाली लेसर प्रत्येक नंबरामागे सुमारे १५ मायक्रॉन घासतो. जाडी ५२० आणि नंबर उणे ६ असेल तर ५२० वजा ११० वजा ९०, खाली उरले ३२०. चालेल. जाडी ४९० आणि नंबर उणे ८ असेल तर ११० आणि १२० जाऊन उरतात २६०. किमान मर्यादा २५० ची आहे, म्हणजे कागदावर हेही बसतं; पण बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला राजी नसतात. शिवाय इथे एकूण जाडीपैकी ४७ टक्के कापली किंवा घासली जाते. ४० टक्क्यांच्या पुढे कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगण्याचा धोका वाढतो. याला एक्टेशिया म्हणतात. तो काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही उगवतो आणि मग क्रॉसलिंकिंग (औषधाचे थेंब आणि अतिनील किरणांनी कॉर्निया घट्ट करणं), खास लेन्स, क्वचित कॉर्निया बदलणं इथवर जातं.

जाडी भरपूर असूनही एक्टेशिया होऊ शकतो, म्हणून टोपोग्राफीचा, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा, रंगीत नकाशा तितकाच महत्त्वाचा. खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त उभार, दोन डोळ्यांत ठळक फरक किंवा मागच्या पृष्ठभागावर फुगवटा दिसला, तर केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची, सुरुवात असू शकते. ॲलर्जीने डोळे चोळायची सवय आणि वाढत जाणारा सिलिंडर नंबर असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. संशय असला तरी लेसिक नको.

सर्वांत जास्त तक्रार कोरडेपणाची. फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसा तुटतात, डोळ्याला ओलावा हवा हे कळेनासं होतं. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षात सुधारतं, काहींना ड्रॉप्स कायमचे लागतात. दिवसभर एसीत स्क्रीनपुढे बसणाऱ्यांनी शिर्मर चाचणी करून घ्यावी: पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी पाच मिनिटांत ५ मिलिमीटरही ओली झाली नाही, तर आधी कोरडेपणावर उपचार. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं हा दुसरा त्रास. तो सहसा कमी होतो, पण रात्रीची गाडी चालवून पोट भरणाऱ्याने ही गोष्ट हलक्यात घेऊ नये.

फ्लॅप टाळायचा तर पीआरके आहे, म्हणजे कॉर्नियाची वरची पातळ साय काढून थेट पृष्ठभागावर लेसर. त्यात तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, नजर सावकाश येते आणि धूसर डाग पडू शकतो. स्माइल या दुसऱ्या पद्धतीत लेसरने कॉर्नियाच्या आत कापलेली पातळ चकती छोट्या चिरेतून बाहेर काढतात; चीर २ ते ४ मिलिमीटरचीच. एक्टेशियाचा धोका मात्र दोन्हींत पूर्ण टळत नाही.

लेसिकनंतर डोळा अजिबात चोळायचा नाही. झोपेत हात जाऊ नये म्हणून पहिले काही दिवस शील्ड लावा. दुखणं वाढलं, लाली आली, नजर अचानक धूसर झाली तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा. फ्लॅप सरकणं, जंतुसंसर्ग किंवा फ्लॅपखालची सूज यांत तास महत्त्वाचे असतात.

चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागणारच, लेसिक केलं तरी. मोठ्या उणे नंबरवाल्यांचा पडदा, म्हणजे रेटिना, नाजूकच राहतो. त्याची तपासणी चालू ठेवा. कॉर्निया पातळ झाल्याने डोळ्याचा दाब खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर काढतानाही नेहमीचं गणित चुकतं, म्हणून ऑपरेशनआधीचा नंबर आणि कॉर्नियाची मापं घरच्या फाइलमध्ये जपून ठेवा आणि मोबाइलवर फोटोही काढा.